ऐंशीला एक

बाबा म्हणाले, दोरी ताण. मी ताणली.
दारापासून फाटकापर्यंत अकरा मीटर,
आणि वेल्सचं आभाळ नेहमीसारखं
पाठीवर ओलं गोणपाट टाकून उभं.

"ऐंशीला एक," ते म्हणाले.
"ऐंशी पुढे, तर एक खाली.
पाण्याला एवढंच पुरतं. जास्त दिलं तर पळत सुटतं,
कमी दिलं तर दारातच बसून राहतं,
चहा संपला तरी न उठणाऱ्या पाहुण्यासारखं."

पाणसळीतला बुडबुडा
मधल्या रेघेवरून जेमतेम सरकलेला.
इतकं कललेलं माणसाला दिसत नाही.
पाण्याला दिसतं.

फाटकापलीकडे, गल्लीच्या खालच्या अंगाला,
मिसेस बेननचं निळं दार.
त्यावर गुडघ्याइतक्या उंचीवर एक तपकिरी रेघ,
रंगाचे तीन हात मारूनही वर येणारी.

त्या वर्षी आम्ही अंगणभर काँक्रीट ओतलं होतं,
एकही फट नसलेलं. बाबा त्यावरून हात फिरवायचे,
खाणीतली पाटी घासून झाल्यावर फिरवायचे तसा.
ऑक्टोबरातल्या एका रात्री
आमच्या छपराचं, आमच्या अंगणाचं सगळं पाणी
त्यांच्या बैठकीत जाऊन बसलं.
पियानो फुगला. मिस्टर बेनननी तो मागच्या अंगणात
फळी फळी सुटी करून जाळला.

तेव्हापासून त्या आम्हाला पाण्यात पाहतात.
खरं सांगायचं तर
आधी आम्हीच त्यांना पाण्यात पाहिलं होतं,
स्कर्ट कमरेला खोचून, बादली घेऊन,
आणि बाबांनी पडदा ओढून घेतला होता.

सव्वीस वर्षांनी ते काँक्रीट फुटलं.
नऊ दिवस लागले. अठ्ठ्याहत्तरीतला माणूस, भाड्याचा हातोडा,
दुपारी डॉक्टरांना खोटं सांगायचं की बागकाम चाललंय.
मग खडी, बारीक खडी, धुम्मस,
आणि विटा, बोटभर नाही, नखभर अंतर सोडून,
त्या फटीत वाळू नाही, कच.
"पाणी शिरू दे," म्हणाले. हे शब्द
त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकले.

फाटकाच्या अलीकडे आडवी पन्हळ, वर जाळी,
आणि तिथून नळ वळवून लीकच्या वाफ्याखाली.
तो वाफा! ज्याच्या बळावर गावच्या प्रदर्शनात
दोनदा दुसरा नंबर आला होता.
तिथेच खणला त्यांनी मीटरभर खोल खड्डा,
दगडगोटे भरले, कापड पसरलं,
माती परत टाकली. मी म्हटलं, मागे खणू या की.
"मागे उतार नाही," एवढंच बोलले.

शेवटची वीट बसली त्या संध्याकाळी
मिसेस बेनन फाटकात आल्या. हातात बादली, भरलेली.
विचारलं नाही. सरळ आमच्या दारापर्यंत चढत गेल्या
आणि ओतली.

आम्ही तिघं पाण्याबरोबर चालत खाली आलो.
ते निघालं, पसरलं, फटीफटीतून कमी होत गेलं,
उरलेलं पन्हळीत उतरलं,
आणि लीकखाली कुणीतरी घोट घेतल्यासारखा आवाज झाला.
फक्त एका जागी ते अडलं होतं.
चिमणी भिजेल एवढं डबकं.

"इद्वल," त्या म्हणाल्या, "चौथी ओळ, डावीकडून तिसरी.
खचलीय."
आणि गेल्या.

बाबा गुडघ्यांवर बसले. वीट उपसली, चिमूटभर कच घातला,
रबरी हातोडीनं ठोकली. बुडबुडा पाहिला. पुन्हा उपसली.
अंधार पडला तरी त्या एकाच विटेपाशी होते.
मी दिवा धरून.

कुठेतरी पाणी मुरतंय, असं लोक संशयानं म्हणतात.
आता रात्री पाऊस लागला की
बाबा उठून खिडकीशी उभे राहतात,
पडदा बाजूला सारून, आणि ऐकतात.

त्या साली लीक मुळाशी कुजले.
प्रदर्शनाला ते तसेच गेले, रिकाम्या हातांनी,
आणि दुसऱ्यांच्या लीकची लांबी मोजून आले.